मधल्या जागेचा मिस्त्री

लग्नाच्या पंगतीत पानं वाढून झाल्यावर लोकांना "जरा दोन बोटं सरका" असं सांगत फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. केरबा मिस्त्री.

आमच्या शेटजींच्या मुलीचं लग्न होतं. पंगत बसली, भात वाढून झाला आणि मोंढ्यातले एक चांगले दणकट अडते उशिरा आले. त्यांना पंगतीच्या मधोमध कसंबसं कोंबलं. टोकाला बसलेला केरबा मान वाकडी करून रांगेकडं बघत राहिला. मग उठला आणि हात जोडत एकेकाला सरकायला सांगू लागला. लोक हसले. कुणी म्हणालं, मिस्त्री, पान सोडून उठू नये. केरबा गंभीरच. "बोजा आला की मधली जागा हलती," तो म्हणाला. "तुमी न्हाई हललात तर ठिणगी पडती."

कुणी हललं नाही. दोन घास होतात न होतात तोच अडत्यांच्या कोपरानं शेजारच्याची कढीची वाटी त्याच्या नव्या धोतरावर उपडी झाली, आणि दोघांची अशी जुंपली की व्याही मंडळींना मध्ये पडावं लागलं. केरबा आपल्या पानावर मान खाली घालून जेवत होता. मी त्याच्याकडं बघितलं तर हळूच म्हणाला, "सांगितलं व्हतं."

निजामाच्या राज्याचे ते शेवटशेवटचे हंगाम. सेलूच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो. कपाशीच्या गाड्या उतरवून घेणं माझं काम. बोरी, देवगाव, जिंतूर रस्त्याच्या गाड्या पहाटेपासून फाटकाशी लागत. जुन्या शेडमध्ये तेलाचं इंजिन होतं आणि त्यावर चालणारे आठ रेचे. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. शेटजींनी अंगणापलीकडं नवी शेड बांधली, पण इंजिनाचा पट्टा तिथवर पोचेना. मग कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून त्यांनी एक जुना डायनामो आणि एक जुनी मोटर आणली. इंजिनानं डायनामो फिरवायचा, डायनामोनं वीज करायची, वीज तारेवरून अंगण ओलांडून जायची आणि नव्या शेडमधले बारा रेचे मोटरनं फिरवायचे. त्या मोटरबरोबर, जणू तिच्याच सामानात बांधून आल्यासारखा, केरबा आला.

पन्नाशीचा असेल. काटकुळा, पायात कधी चप्पल नाही. मोटरची थरथर तळपायाला कळते म्हणायचा. नव्या शेडच्याच एका टोकाला मोटरची खोली होती; तिच्यात शिरायचं तर आधी झडती. किल्ल्या, अडकित्ता, चाकू, सगळं दाराबाहेरच्या टोपलीत. बिडी तर कानावर खोचलेलीही चालत नसे. तो ती काढून घ्यायचा आणि समोरच चुरगाळून टाकायचा. एकदा खुद्द शेटजींच्या कमरेचा चांदीचा किल्ल्यांचा जुडगा त्यानं उतरवून घेतला होता. चांदीला चुंबक ओढत नाही, असं शेटजींनी सांगून पाहिलं. चांदीला न्हाई ओढत, किल्ल्यांना ओढतंय, असं म्हणून त्यानं टोपली पुढं केली.

तंबाखूच्या एका डबीत त्यानं लोखंडाचा कीस ठेवलेला असे. गाडीवान गाडी उतरण्याची वाट बघत बसले की केरबा त्यांच्यात जाऊन बसायचा, एका कागदाखाली दोन चुंबक धरायचा आणि वर कीस भुरभुरायचा. किसाच्या रेघा एका चुंबकाकडून दुसऱ्याकडं सरळ उभ्या राहायच्या. "ही ओढ," तो म्हणायचा. मग तिसरा चुंबक हळूच जवळ आणायचा. सगळ्या रेघा वाकड्या व्हायच्या, पेंढी पिळावी तशा. "आन् हा बोजा." गाडीवानांना ती जादू वाटे. बोरीचा एक म्हातारा तर हात जोडून उठला आणि आपल्या हरवलेल्या बैलाचा ठावठिकाणा विचारू लागला.

केरबा सांगायचा ते खरंतर सोपं होतं. मोटरच्या अंगात दोन बाजूंना दोन मोठे चुंबक, आणि मध्ये गरगर फिरणारा तांब्याच्या तारांचा गड्डा. या गड्ड्याला वीज पोचवायला दोन बाजूंनी कोळशाचे दोन ठोकळे टेकलेले असतात. मिस्त्री लोक त्यांना कार्बन म्हणतात. कार्बन टेकायची एक नेमकी जागा असते, दोन्ही चुंबकांच्या ओढीच्या बरोबर मधली. तिथं असला तर मोटर गुमान चालते. पण बोजा वाढला की गड्ड्यात वीज जास्त जाते, तो स्वतःच चुंबक होऊन बसतो आणि मोठ्या चुंबकांची ओढ वाकडी करून टाकतो. मधली जागा सरकते, कार्बन आपला जुन्याच जागी. मग ठिणग्या उडतात.

ठिणगी दुसरीकडं कुठं उडाली तर उडाली. जिनिंगच्या शेडमध्ये हवेतच रुई असते. छताच्या वाशांवर, कोळ्यांच्या जाळ्यांवर, बायकांच्या भुवयांवर सगळीकडं पांढरा थर. रेच्यांवर कापूस घालायला तीसेक बायका होत्या आणि त्यांची मुकादम होती सारजाबाई. तान्ही पोरं घरी ठेवायची सोय नसलेल्या बायका त्यांना बरोबर आणत. नव्या शेडच्या थंड कोपऱ्यात पाच-सहा झोळ्या टांगलेल्या असत. आणि शेडला दार एकच.

केरबा त्या झोळ्यांकडं कधी बघत नसे. पोरं रडली की कपाळाला आठ्या घालून मोटरच्या खोलीचं दार लावून घ्यायचा. आवाज ऐकू येत न्हाई म्हणायचा, म्हणजे मोटरचा. माणूसघाणा म्हणूनच त्याची ख्याती होती. खोलीला लागून पत्र्याची एक टपरीवजा जागा होती, त्यात एकटा राहायचा. लग्नाचा विषय निघाला की हात झटकायचा. सारजाबाईनं एकदा तिच्या ओळखीतली एक विधवा सुचवली, तर त्यानं विचारलं, वजन किती हाय? सारजा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

त्या साली कापूस दांडगा आला. शेटजींनी बाराचे सोळा रेचे करायचं ठरवलं. केरबा नाही म्हणाला. शेटजी म्हणाले, बारा ओढते ती सोळाही ओढेल. ओढंल, केरबा म्हणाला, पण जळत ओढंल. शेटजींचं म्हणणं, ठिणगी आपली आपण विझते, वर्षभर बघतोच आहोत. केरबानं वाद घातला नाही. शेटजींना मोटरच्या खोलीत नेलं, लांब काठीच्या टोकाला चिमूटभर रुई लावली आणि ती कार्बनपाशी धरली. रुई पेटली, आणि शेटजी दाराबाहेर उभे होते. ते कधी बाहेर गेले हे मला दिसलंच नाही.

पण रेचे मात्र सोळा झाले. शेटजींनी मोटरभोवती पत्र्याचा आडोसा करून दिला आणि त्यांच्या मते प्रश्न मिटला.

केरबाकडं एक उपाय होता. तरुणपणी दूरच्या एका गिरणीत तेलपाण्याचं काम करताना त्यानं एक मोटर उघडी पाहिली होती. तिच्यात दोन मोठ्या चुंबकांच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन छोटे चुंबक बसवलेले होते. गड्ड्याकडं जाणारी वीज आधी या छोट्यांमधून फिरून जायची. त्यामुळं बोजा वाढला की त्यांची ओढही तेवढीच वाढायची आणि वाकडी होऊ बघणारी ओढ कार्बनच्या जागी सरळ राहायची. कार्बन एकदा बसवला की हलवायला नको. "दोन धाकटे भाऊ," केरबा म्हणायचा. लोखंडाची सोय होती. गाड्यांच्या चाकांच्या जुन्या धावा जिनिंगच्या मागं पडलेल्या होत्या. पण त्यावर गुंडाळायला तांब्याची जाड पट्टी हवी होती, आणि त्या वर्षी हद्दीपलीकडून माल येणं बंद झालेलं. जालन्याला नाही, नांदेडला नाही. शेटजी म्हणाले, तांबं आण, मग बघू.

तोवर केरबानं एकच केलं. कार्बन ज्या कड्यावर बसलेले होते त्याला लाकडी मूठ होती. ती धरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मोटरपाशी उकिडवा बसला. आवाज बदलला की मूठ जरा मागं, बोजा उतरला की जरा पुढं. जेवायचा डाव्या हातानं. बोलायचा तर तोंड आपल्याकडं आणि कान मोटरकडं. सारजाबाईला त्यानं ताकीद दिली होती की ओला कापूस रेच्यावर घालायच्या आधी हाक मारायची. ती मारायचीही. "मिस्त्री, भिजका हाय." मग तिकडं मूठ दोन बोटं मागं जायची. दीड महिना असा गेला. मी शेडमध्ये जायचो तेव्हा माझं लक्ष आधी त्या एकुलत्या दाराकडं आणि मग झोळ्यांकडं जाई. एरवी मोजदादीत चुकत नसे, त्या दिवसांत गाड्यांचे आकडे दोनदा विचारायला लागलो.

एका दुपारी चार रेचे एकदम गच्च झाले. कापसात कुठून तरी ओलं फडकं गेलं होतं, ते रुळांत अडकलं. हाक मारायला वेळच नव्हता. मी मोटरच्या खोलीच्या दारात होतो. मोटरचा आवाज खाली बसला, जड बैलगाडी चिखलात रुतावी तसा, आणि पत्र्याच्या आडोशावर निळा उजेड पडला. ठिणग्या नव्हत्या त्या, गड्ड्याभोवती आगीचं कडंच फिरत होतं. आडोशाच्या वरच्या काठाला चिकटलेली रुई पेटली आणि ज्योत वाशाकडं चढू लागली.

बायका एकदम दाराकडं धावल्या. सारजा उलट्या दिशेनं झोळ्यांकडं गेली. मीही गेलो, दोन पोरं काखेत घेतली एवढं आठवतं, कुणाची ते नाही. मागं वळून बघितलं तर केरबानं वीज तोडली होती आणि दोन्ही तळव्यांनी, नुसत्या तळव्यांनी, तो पत्र्यावरची आग दाबत होता. मग अंगावरची घोंगडी ओढून वाशावर आपटत राहिला. आग विझली. कुणाला काही झालं नाही. केरबाचा उजवा तळवा मात्र सोलून निघाला होता.

शेटजी आले, पांढरेफटक. त्यांनी केरबाला दोन दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी सोळा रेचे सुरू व्हायला हवेत असंही सांगितलं. केरबा त्याच संध्याकाळच्या गाडीनं कुठंतरी गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला तो खांद्यावर पोतं घेऊन. पोत्यात तांबं होतं. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या, हातोडीनं ठोकून सपाट केलेल्या, टोकांना पुढच्या पट्टीशी जोडायला भोकं पाडलेली. मी विचारलं, कुठून आणलं? तो म्हणाला, आणलं. शेटजींनी तर विचारलंही नाही.

काम आठ दिवस चाललं. जुन्या शेडचे रेचे चालू, नवी शेड बंद. धावांचे तुकडे कापून, एकावर एक रचून त्यानं धाकट्या भावांची अंगं तयार केली. पट्ट्यांवर गुंडाळायला चिंध्या हव्या होत्या. सारजा आणि तिच्या बायकांनी घरची जुनी लुगडी फाडून आणली आणि केरबाच्या जखमी हाताला जमेना म्हणून स्वतःच गुंडाळून दिली. त्यावर वितळवलेल्या लाखेचा हात. पहिल्यांदाच त्याच्या खोलीत बायका बसल्या होत्या, बांगड्या टोपलीत न काढता. काचेच्या हायेत, असू द्या, असं तो म्हणाला.

चालवून पाहायच्या दिवशी झोळ्या बाहेर लिंबाखाली टांगल्या होत्या. केरबानं मोटर सुरू केली, चार रेचे जोडले आणि कार्बनखालून ठिणग्यांचा नुसता पाऊस सुटला. आधीपेक्षा दुप्पट. शेटजी ओरडले, काढून टाक ते. केरबानं वीज तोडली आणि खाली बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मला वाटलं, संपलं. मग तो उठला, धाकट्या भावांकडं जाणारी वायरीची दोन टोकं सोडवली आणि अदलाबदल करून पुन्हा आवळली. "उलटे जुंपले व्हते," एवढंच म्हणाला.

दुसऱ्यांदा चार रेचे जोडले. काही नाही. आठ. बारा. सारजानं हाक मारली की भिजका कापूस घालतेय. घाल म्हणाला. सोळावा रेचा जोडला तेव्हा मी वाकून कार्बनकडं बघितलं. काळा ठोकळा, तांब्यावर टेकलेला, नुसता. एक ठिणगी नाही. केरबानं मुठीवरचा हात काढून घेतला. एवढ्या दिवसांत मोटर चालू असताना पहिल्यांदा त्याचे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला समजेना. आधी गुडघ्यावर ठेवले, मग पाठीमागं बांधले. शेवटी टोपलीतल्या लोकांच्या किल्ल्या नीट लावत बसला.

चारच दिवस झाले असतील. सकाळी निजामाच्या पोलिसांचा जमादार आला, बरोबर दोन जवान. त्या दिवसांत खाकी कपडे दिसले की अंगणातली माणसं आपोआप कडेला होत. रेल्वेच्या कडेची तारयंत्राची तार कुणीतरी तोडून नेली होती. हे काम निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तार गेली आणि दुसरीकडं एका मिस्त्रीकडं पोतंभर तांबं आलं, ही बातमी कुणीतरी जमादाराच्या कानावर घातली होती. कुणी, ते मला आजवर कळलेलं नाही.

केरबाच्या टपरीत पट्ट्यांचे उरलेले तुकडे सापडले. जमादारानं ते जमिनीवर ओतले.

"ये तांबा किधर से लाया?"

केरबा गप्प. जमादारानं पुन्हा विचारलं, मग काठीचं टोक त्याच्या छातीला लावून विचारलं. केरबा त्याच्या खांद्यावरून मोटरच्या खोलीकडं बघत होता. शेटजी पुढं आले आणि आपल्याला यातलं काही ठाऊक नाही, मिस्त्रीचं काम मिस्त्रीच जाणे, असं सांगून मागं सरले.  मी पुढं होऊन म्हणालो की साहेब, तार गोल असते, ही पट्टी आहे, आणि रुंद आहे. जमादार माझ्याकडं न बघता म्हणाला की ठोकली की तारही चपटी होते. मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं आणि गप्प बसलो. अशा चौकशीला नेलेली माणसं कधी परततील याचा त्या वर्षी भरवसा नव्हता.

काठी केरबाच्या खांद्यावर दोनदा बसली. तो वाकला, पण बोलला नाही. मलाही तेव्हा वाटून गेलं, हे सांगायला मला लाज वाटते, की यानं खरंच तार तोडली असेल.

मग जमादारानं हुकूम दिला. मिस्त्रीला चावडीवर घ्या, मोटर उघडा आणि आतलं तांबं पुरावा म्हणून काढून घ्या. शेटजी हळूच म्हणाले की मोटर आधी त्या तांब्याशिवाय चालत होतीच. नवी शेड थांबली होती आणि दारात सारजा आणि तिच्या बायका उभ्या होत्या. झोळ्या परत आत टांगल्या होत्या. एक पोर झोपेतून उठून रडत होतं.

केरबा पहिल्यांदा बोलला. "सायब, मला न्या. तांबं राहू द्या."

जमादार म्हणाला, दोन्ही नेईन.

केरबा थोडा वेळ त्या रडण्याच्या आवाजाकडं कान देऊन उभा राहिला, मोटरकडं देतो तसा. मग जवानाचा हात बाजूला करून टपरीत गेला. वाशाच्या खाचेत हात घालून त्यानं एक गाठोडं काढलं, फडक्यावर फडकं गुंडाळलेलं. बाहेर येऊन ते सोडलं.

आत तांब्याचा एक तुकडा होता. घंगाळाचा. वरचा जाड वळवलेला काठ, त्याला लटकणारी पितळी कडी आणि काठाखालचा हातभर पत्रा. खालची कड कातरीनं कापलेली. जमादारानं जमिनीवरची एक पट्टी उचलून त्याला लावून पाहिली. तोच रंग, तीच जाडी. एका पट्टीवर तर काठाची नक्षी अर्धी आली होती, ती तुकड्यावरच्या नक्षीला बरोबर जुळली. त्यानं तुकडा हलवला, कडी वाजली. तारेला कडी नसते, एवढं त्यालाही कळत होतं.

काठाखाली अक्षरं कोरलेली होती. जमादाराला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं तुकडा माझ्यापुढं धरला आणि मोठ्यानं वाच म्हणाला.

मी वाचलं. "चि. सौ. कां. भागीरथी हीस आईकडून. मु. बोरी."

 जमादारानं विचारलं, "भागीरथी कौन?"

केरबा मान खाली घालून म्हणाला, "घरवाली."

"किधर है?"

"न्हाई."

जमादारानं काठी काखेत धरली आणि तुकडा दोन्ही हातांनी केरबाला परत दिला. जवानांना चला म्हणाला. फाटकापाशी थांबून शेटजींना काहीतरी बोलला, ते आम्हाला ऐकू आलं नाही. शेटजींनी त्यानंतर केरबाच्या खोलीत किल्ल्या घेऊन जायचा हट्ट कधी धरला नाही.

सारजानं पाणी आणून दिलं. केरबानं ते घेतलं, खांद्याला हात लावू दिला नाही, आणि मोटर सुरू करायला आत गेला. सोळा रेचे पुन्हा फिरू लागले.

दुपारी गाड्यांचा जोर ओसरल्यावर तो माझ्या वजनकाट्यापाशी आला. फडक्यातला तुकडा बरोबर होता. जरा वेळ पोत्यावर बसला. मग आपणहून, मी न विचारता, बोलू लागला. लग्न झालं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. चौदा महिने संसार झाला. तापाची साथ आली, त्यात ती गेली, आणि पोटातलं पोरही. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील, त्यानं नीट मोजली नव्हती. घंगाळ सासूकडं बोरीलाच होतं; ते मागायला तो आग लागली त्या संध्याकाळी गेला होता. म्हातारी अजून होती. कशाला हवं, तिनं विचारलं. पोरं निजतात तिथं लावायचं हाय, एवढंच तो म्हणाला. तिनं स्वतः चुलीमागून ओढून दिलं.

"आधीच दाखवायचं ना जमादाराला," मी म्हणालो. "काठ्या कशाला खाल्ल्या?"

तो म्हणाला, चार माणसांत ते वाचलं गेलं असतं. आणि गेलंच की वाचलं.

मग तुकडा माझ्यापुढं सरकवला. "वामनराव, सकाळी वाचलं ते परत वाचता का? हळू."

मी वाचलं. त्यानं तिचं नाव कधी घेतलं नव्हतं; आमच्याकडं नवरा घेत नाही. आणि तो शाळेत कधी गेलाच नव्हता, हेही मला त्या दिवशी कळलं. त्यानं जाड, काळं, सोललेलं बोट अक्षरांवर ठेवलं आणि विचारलं की हिचं नाव कुठनं सुरू होतंय.

मी 'भा'वर बोट ठेवलं.

"आन् सरतंय कुठं?"

'थी'वर ठेवलं.

त्यानं दोन्हींच्या मधलं अंतर नीट पाहिलं. मग काठाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेल्या सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. कातरीनं कापताना त्यानं त्यातलं एक अक्षरही जाऊ दिलं नव्हतं.

"चारच?" तो म्हणाला. "मला वाटायचं, सगळं तिचंच नाव हाय."